हस्तर, आजी आणि आपण : जुन्या भयकथांच्या वाचकाची बाजू

(अंबाजोगाई येथील जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



विषय जाहीर झाला तेव्हा एका ज्येष्ठ स्नेह्यांनी मला विचारलं, "मुकुंदराजांच्या आणि दासोपंतांच्या गावात तुम्ही भुतांवर बोलणार?" (हशा) प्रश्न रास्त आहे. विवेकाची आणि ग्रंथरचनेची एवढी परंपरा ज्या गावाला आहे, तिथं नारायण धारप, रत्नाकर मतकरी, भयपट, परग्रहावरचे पाहुणे यांच्यावर तासभर बोलायचं म्हणजे जरा आगाऊपणाच. पण माझं म्हणणं असं की हा विषय बोलायचा असेल तर तो इथंच, बीड जिल्ह्यातच बोलायला हवा. का, ते शेवटापर्यंत तुमच्या लक्षात येईल.

मी या साहित्याचा चाहता आहे, हे आधीच सांगून टाकतो. तटस्थ समीक्षकाचा आव आणत नाही. पण चाहत्याचंही एक काम असतं. आपल्याला जे आवडतं त्याची नीट झडती घ्यायची. ती बाहेरच्यांनी घेतली तर आपल्याला राग येतो, म्हणून आपणच घेतलेली बरी.

या वाचकावर मराठीत तीन आरोप नेहमी होतात. एक, हे सगळं उसनं आहे, इंग्रजीवरून उचललेलं. दोन, हे साहित्यच नव्हे, वेळ घालवण्याचं साधन आहे. आणि तीन, यानं अंधश्रद्धा वाढते. दुसऱ्या आरोपाला वेगळं उत्तर देत बसत नाही, पहिल्या आणि तिसऱ्याचं उत्तर मिळालं की त्याचंही मिळतं. तेव्हा या दोघांकडेच वळू.

आधी थोडी पार्श्वभूमी. अनंत अंतरकरांची 'हंस', 'मोहिनी' आणि 'नवल' ही मासिकं तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. त्यातल्या 'नवल'नं अद्भुत, गूढ, भयानक अशा कथांना मराठीत हक्काचं घर दिलं. त्याच काळात तीन वेगवेगळ्या स्वभावाचे लेखक पुढं आले किंवा थोड्या अंतरानं येत गेले. नारायण धारप, जन्म १९२५, निधन २००८. रत्नाकर मतकरी, जन्म १९३८, निधन २०२०. आणि जयंत नारळीकर, जन्म १९३८, निधन २०२५. तिघांनाही एकाच फडताळात ठेवायची आपल्याकडं सवय आहे. पण त्यांची भीतीकडं बघण्याची रीत अगदी वेगळी आहे.

धारपांच्या जगात भीती बाहेरून येते. ती आपल्या जगाच्या पलीकडं, कुठल्या तरी फटीपलीकडं दबा धरून असते. कुणीतरी नको ते उघडतं, नको ते वाचतं, आणि ती आत शिरते. मग तिला हुसकावायला जाणता माणूस लागतो. समर्थ म्हणा, त्यांचे इतर नायक म्हणा. धारप विज्ञान शिकलेले होते आणि ते त्यांच्या लिहिण्यात दिसतं. घर कसं आहे, खोली किती मोठी, जिना कुठं, दिवा कधी गेला, सगळा तपशील हिशेबानं येतो. आपण त्या हिशेबावर विश्वास ठेवतो आणि मग लेखक हळूच एक आकडा चुकवतो. धारपांची खरी ताकद ही आहे. अंगावर काटा त्या चुकलेल्या आकड्यानं येतो, राक्षस नंतर येतो.

मतकरींच्या जगात भीती आतून येते. ते आपल्या कथांना 'गूढकथा' म्हणत आणि तो शब्द त्यांनी विचारपूर्वक वापरलेला आहे. फ्लॅटमध्ये राहणारा, नोकरी करणारा, बायकोमुलांचा माणूस. त्याच्या मनात एक अपराध, एक हाव, एक मत्सर. भूत आलं तरी ते त्या अपराधाच्या मागं मागं येतं. तिथं समर्थ नसतात. वाचवायला कुणी येत नाही, कारण वाचवायचं कुणापासून, हाच प्रश्न असतो.

आणि नारळीकर. त्यांच्याकडं अज्ञात गोष्ट आली की पात्रं तिला प्रश्न विचारतात. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावानं. स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उलटी करून. जगप्रसिद्ध शास्त्रज्ञाचं नाव बघून परीक्षकांनी बक्षीस देऊ नये, म्हणून. पहिलं बक्षीस त्या जगतापांना मिळालं. ही गोष्ट नुसती गमतीची नाही. आपलं नाव झाकून आपलं म्हणणं तपासायला देणं, हीच तर विज्ञानाची रीत आहे. माणूस कथा लिहितानाही तसाच वागला.

तर भीतीचे हे तीन पत्ते : बाहेर, आत, आणि जे अजून कळलेलं नाही ते. आता पहिल्या आरोपाकडं येऊ.

उसनं आहे का? आहे. लपवण्यात अर्थ नाही. धारपांच्या 'लुचाई'मागं स्टीफन किंगची १९७५ची 'सालेम्स लॉट' आहे, 'शपथ'मागं १९८६ची 'इट' आहे. चाहते हे जाणतात. पण उसनवारीची एक गोष्ट सांगतो, म्हणजे हा शब्द आपण किती सहज वापरतो ते दिसेल.

'तुंबाड' हा सिनेमा तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलाय? (हात वर होतात.) बरेच आहेत. २०१८ साली आला तेव्हा फार चालला नाही, २०२४च्या सप्टेंबरमध्ये पुन्हा लागला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त चालला. त्यातला तो हस्तर. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना या सिनेमाचं बीज धारपांच्या 'आजी' या कथेतून मिळालं. धारपांची 'आजी' किंगच्या 'ग्रॅमा' या कथेवरून. ती कथा किंगच्या १९८५च्या संग्रहात आहे. किंगनं ते नाव घेतलं लव्हक्राफ्टच्या कथाविश्वातून. लव्हक्राफ्टनं १९३१ साली छापून आलेल्या एका कथेत ते ओझरतं वापरलं होतं. त्याच्याकडं ते आलं रॉबर्ट चेंबर्सच्या १८९५च्या 'द किंग इन यलो' या पुस्तकातून. आणि चेंबर्सनं घेतलं अँब्रोज बिअर्सकडून. बिअर्सच्या कथेत हा हस्तर कोण आहे माहीत आहे? मेंढपाळांचा देव! साधा, प्रेमळ, धनगरांचा देव. (हशा)

बघा, काय प्रवास आहे. अमेरिकेतल्या एका लेखकानं कल्पिलेला मेंढपाळांचा देव, सव्वाशे वर्षं हातोहात फिरत, दर मुक्कामाला थोडा थोडा काळा होत, शेवटी पुण्याच्या एका लेखकाच्या घरी आला आणि तिथून कोकणातल्या वाड्यात जाऊन बसला. आता सांगा, यातला चोर कोण? इथं प्रत्येकानं घेतलंय आणि प्रत्येकानं काहीतरी बदललंय. आपल्याकडं ओव्या, कहाण्या, आख्यानं अशीच फिरली. तेव्हा 'घेतलं का' हा प्रश्न फार लांब नेत नाही. 'घेऊन काय केलं' हा खरा प्रश्न. आणि हा प्रश्न विचारला की चाहत्याची पंचाईत सुरू होते.

'आजी'चंच घ्या. किंगच्या कथेतली मांडणी अशी आहे : घरात एकटा लहान मुलगा आणि अंथरुणाला खिळलेली आजी. मुलाला आजीची भीती वाटते. आणि कथा सांगते की भीती बरोबरच होती, आजीनं एका काळ्या शक्तीशी सौदा केलेला होता. कथा म्हणून घट्ट आहे. लहान मुलाला म्हाताऱ्या, आजारी शरीराची वाटणारी भीती खरी असते. पण ही कथा त्या भीतीला शिक्का मारून देते. म्हातारी वाईटच होती.

धारपांची पुस्तकं डोळ्यांपुढं आणा. 'चेटकीण', 'काळी जोगीण'. शीर्षकंच बोलतात. या लेखनात वाईट शक्ती वारंवार बाईच्या रूपात येते, आणि त्यातही एकट्या, वयस्कर, घराच्या कडेला राहणाऱ्या बाईच्या. मतकरींनी 'अलबत्या गलबत्या'मध्ये चेटकीण आणली ती पोरांना हसवायला. दिलीप प्रभावळकरांनी ती रंगवली आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलं त्या चेटकिणीवर खूष झाली. जी हसवते तिची दहशत राहत नाही. धारपांची चेटकीण मात्र गंभीर आहे.

पुण्याच्या वाचकाला हे चालून जातं. त्याच्या सोसायटीत चेटकीण नाही. पण आपण बीड जिल्ह्यात बसलोय. मराठवाड्यात 'भानामती' हा शब्द कथेतला नाही. घरावर दगड पडतात, वाळत घातलेल्या कपड्यांना आग लागते, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उठतात, अन्नात घाण पडते. मग देवऋषी येतो, आणि तो नाव घेतो. ते नाव कुणाचं असतं? विधवेचं. एकटीचं. भाऊबंदकीत जिच्या वाट्याची जमीन कुणाला तरी हवी आहे तिचं. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते वर्षानुवर्षं अशा घरांत जाऊन बसले, एकेकाशी शांतपणे बोलले, आणि पुन्हा पुन्हा त्यांना आढळलं की हे करणारं माणूस त्याच घरातलं असतं. बहुतेकदा कोंडलेलं, कुणी ज्याचं ऐकत नाही असं. दगड हीच त्याची भाषा झालेली असते.

२० ऑगस्ट २०१३ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्यानंतर आधी वटहुकूम आणि मग त्याच वर्षी डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. अमुक एक बाई करणी करते, भूत लावते, असं सांगून तिच्याबद्दल संशय पसरवणं हा त्या कायद्यानं गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. म्हणजे जे वाक्य भयकथेत पहिल्या प्रकरणाच्या शेवटी येतं, तेच वाक्य गावच्या पारावर उच्चारलं तर तो दखलपात्र गुन्हा ठरतो. आपल्या छंदाचं हे वजन आपल्याला ठाऊक असायला हवं.

इथं तिसरा आरोप समोर येतो. अंधश्रद्धा वाढते का?

मी या प्रश्नाचं सरसकट उत्तर देणार नाही. भयकथा वाचणारा माणूस आणि देवऋष्याकडं जाणारा माणूस यांच्यात एक मोठा फरक आहे. वाचकाला शेवटचं पान माहीत असतं. (वाचनालयातल्या प्रतीत ते कुणीतरी फाडून नेलेलं असतं, ती गोष्ट वेगळी!) (हशा) तो स्वतःच्या राजीखुशीनं घाबरायला बसलेला असतो, पुस्तक मिटलं की भीती मिटते. ज्या घरात भानामती 'झाली' आहे, त्या घराला पुस्तक मिटता येत नाही. भीतीचा खेळ आणि भीतीचा धंदा यांत हेच अंतर आहे. उलट, मी म्हणेन, ज्यानं चांगल्या भयकथा वाचल्या आहेत त्याला धंदा लवकर ओळखू येतो. दिवा कधी घालवायचा, नाव कधी घ्यायचं, कुठं थांबायचं, या युक्त्या त्याच्या पाठ असतात.

पण हे बोलून मी धारपांना सोडत नाही. समर्थांच्या कथांचा सांगाडा बघा. संकटात सापडलेलं कुटुंब. काही कळत नाही. मग जाणता येतो. तो फार प्रश्न विचारत नाही, त्याला आधीच कळलेलं असतं. कुटुंबानं फक्त ऐकायचं, सांगितलं तसं करायचं. समर्थ पैसे घेत नाहीत, त्यांची करुणा खरी आहे, सारं मान्य. तरीही हा सांगाडा देवऋष्याच्याच भेटीचा आहे. भल्या माणसाच्या हातात असला तरी सांगाडा तोच. धारप आवडणाऱ्यानं हे बघितलं पाहिजे, आणि बघूनही ते आवडत राहिले तरी हरकत नाही. मला आवडतात.

याच्या शेजारी नारळीकरांचं एक काम ठेवतो. २००८च्या सुमारास त्यांनी, दाभोलकरांनी आणि सहकाऱ्यांनी मिळून ज्योतिषांची चाचणी घेतली. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका एकत्र केल्या. प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका दिल्या आणि सांगितलं, कुठली कुणाची ते ओळखा. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांचं सरासरी प्रमाण आलं ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी ५०च्या आसपास आलं असतं. हा माणूस परग्रहावरच्या पाहुण्यांच्या कथा रंगवून लिहीत होता आणि दुसऱ्या हातानं हे करत होता. दोन्हींत त्याला विसंगती वाटली नाही, कारण विसंगती नाहीच. कल्पना मोकळी सोडायची आणि दावा तपासायचा. गोष्ट हा दावा नसतो. गोष्टीचा दावा झाला की तपासणी सुरू.

आता पुन्हा 'तुंबाड'कडं, कारण या सिनेमानं धारपांच्या कथेचं जे केलं ती माझ्या मते त्या कथेची सगळ्यात चांगली समीक्षा आहे. त्यात आजी आहेच. साखळदंडानं बांधलेली, भयानक. पण कथा तिथं थांबत नाही. आजी शिकार आहे, हावेनं गिळलेली. वाईट शक्ती म्हातारीच्या शरीरातून उचलून सिनेमानं ती घरच्या कर्त्या पुरुषाच्या कमरेच्या पिशवीत ठेवली. तो विनायक दर खेपेला थोडी मोहरा काढून आणतो, आणि पोरालाही तेच शिकवतो. धारप बाहेरच्या भीतीचे लेखक, मतकरी आतल्या. 'तुंबाड'नं धारपांची गोष्ट घेतली आणि ती मतकरींच्या पत्त्यावर नेऊन पोचवली.

आणि हस्तरचा शाप काय आहे, आठवतं? त्याला सोनं मिळालं, धान्य मिळालं नाही. सोन्याच्या ढिगावर तो उपाशी आहे. विनायक त्याला कणकेची बाहुली दाखवून भुलवतो. शहरातला प्रेक्षक या ठिकाणी दचकतो. आपल्याकडच्या, १९७२चा दुष्काळ बघितलेल्या माणसाला हे वेगळं दिसेल. ज्यांनी खडी फोडून मिलो खाल्ली, सुकडीसाठी रांगा लावल्या, त्यांना कणकेसाठी झेपावणारा जीव राक्षस वाटेल का? मला वाटतं, त्यांना तो ओळखीचा वाटेल. सिनेमातला खरा राक्षस पिठाचं आमिष दाखवणारा आहे.

आणखी एक गोष्ट आहे. ती बोलायला जड आहे, पण बोलतो. हस्तर राहतो कुठं? देवीच्या गर्भात. विनायक दोरानं त्या गर्भात उतरतो आणि सोनं काढतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला. शासनानं समिती नेमली. ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या साडेतेरा हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. नवराबायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल, एक दिवस खाडा झाला तर दंड. मग पाळी नको, दुखणं नको, गर्भाशयच नको. हे मी सिनेमाचा अर्थ म्हणून सांगत नाही, दिग्दर्शकाच्या मनात हे असण्याचं कारण नाही. पण कलाकृती जिथं पाहिली जाते तिथली होते. या जिल्ह्यात बसून तो लाल गर्भ पडद्यावर बघताना दुसरं काही आठवत नसेल, तर आपण सिनेमा नीट बघितला नाही.

म्हणून शेवटचा मुद्दा, खास तरुण मित्रांसाठी. मराठी भयकथेचा भूगोल ठरून गेलाय. कोकण. पाऊस, वाडा, माड, विहीर. 'रात्रीस खेळ चाले' कोकणात, 'तुंबाड' कोकणात, 'मुंज्या' कोकणात. धो धो पाऊस पडल्याशिवाय आपलं भूत बाहेर येईना! (हशा) मग बालाघाटच्या माळावर काय आहे? आपल्याकडं भीती दुपारची असते. बारा वाजता, पाखरू नाही, झळा लागताहेत आणि वाट सापडत नाही, त्याला आपण चकवा म्हणतो. आपल्याकडं विहिरीतल्या आसरा आहेत, आणि विहिरीला पाणीच नसेल तर त्या कुठं जात असतील, हा प्रश्न अजून कुणी विचारलेला नाही. बीडची खजाना विहीर आहे, कंकालेश्वराचं पाण्यातलं देऊळ आहे, धारूरचा किल्ला आहे, इथलाच हत्तीखाना आहे.

आणि 'आजी'ची गोष्ट? दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्याकडं निघतात. सहा महिने गाव रिकामं. घरात उरतात लेकरं आणि आजी. किंगला जी परिस्थिती कल्पनेनं रचावी लागली, ती इथं हजारो घरांत दरवर्षी असते. एक मुलगा, एक म्हातारी, बाहेर अंधार, आणि आईबाप तीनशे किलोमीटरवर. इथल्या एखाद्या लेखिकेनं ही कथा लिहिली तर त्यातली आजी चेटकीण असेल का? मला नाही वाटत. कदाचित आजीच जागी राहील आणि मुलगा झोपेल. भय तर असेलच. फोन आला तर काय बातमी येईल, याचं भय. मुकादम दारात उभा राहिला तर काय मागेल, याचं भय. त्याला भूत म्हणायचं की नाही ते लिहिणाऱ्यानं ठरवावं.

जाता जाता एक चांगली बातमी. धारपांची पुस्तकं आज नव्या मुखपृष्ठांनी दुकानात दिसतात, त्यांपैकी अनेक आपल्या मराठवाड्यातल्याच साकेत प्रकाशनानं पुन्हा छापलेली आहेत. तरुण मुलं ती विकत घेताहेत. घ्या, वाचा, रात्री वाचा, दिवा घालवून वाचा. फक्त सकाळी उठल्यावर शेजारच्या म्हातारीला विचारायला जा, आजी, काही हवंय का.

इथं थांबतो. कुणाला प्रश्न विचारायचे असतील तर अवश्य विचारा.